तुतीची हाडं

लानताई,

परवा सकाळी मी तुझ्या घेवड्याला सांगितलं, तू गेलीस म्हणून. मग मिरच्यांना सांगितलं, मग गवती चहाच्या कुंडीला, मग त्या म्हाताऱ्या शेवंतीला. प्रत्येकापाशी वाकायचं, पांढऱ्या कापडाची चिंधी बांधायची आणि हळू आवाजात म्हणायचं, तुमची मालकीण गेली, तुम्ही मात्र राहा. तूच शिकवलं होतंस. मालक गेल्याचं ज्या झाडांना कुणी कळवत नाही ती त्याच्यामागोमाग वाळत जातात, असं तुमच्या बेटावर मानतात. अति झालं आणि हसू आलं, असं माझं घेवड्यापाशी झालं. शेवंतीपाशी पोचेपर्यंत हसू गेलं होतं.

लसूण तू नुकताच लावला होतास. तो अजून मातीबाहेर आलेला नाही, म्हणून वाफ्यात एक काठी रोवली आणि तिला चिंधी बांधली. धुकं इतकं होतं की आपल्या अलॉटमेंटचं, त्या भाड्याच्या भाजीमळ्यांचं, फाटकसुद्धा दिसत नव्हतं. मागे वळून पाहिलं तर तुझी झाडं दिसेनात, नुसत्या चिंध्या दिसत होत्या, कमरेच्या उंचीवर, कुणाकुणाच्या हातात धरल्यासारख्या. पलीकडच्या तुकड्यावरच्या बॉबनं कुंपणावरून विचारलं, "पिजन्स हाकलायला का गं, बॅब?" मी हो म्हटलं. आणखी काय सांगणार होते?

चिंध्यांचं गाठोडं तूच तयार करून ठेवलं होतंस. तुझ्या लेकाला, डॅनीला, ते तुझ्या शिलाईच्या खणात सापडलं. जुनी पांढरी चादर फाडून केलेल्या पट्ट्या. माप न घेता फाडलेल्या, पण बघ, एका मापाच्या. आयुष्यभर लोकांच्या लग्नाचे झगे आवळून-सैलावून देणाऱ्या बाईचा हात तो. सगळ्या झाडांना बांधून झाल्या तेव्हा गाठोड्यात एक उरली, आणि ती चिंधी नव्हती. ती लांब होती, दोन्ही कडांना बारीक टीप मारलेली. तुमच्याकडे अंत्यसंस्काराला सख्खे नातेवाईक कपाळाला जी पांढरी पट्टी बांधतात आणि जिची टोकं पाठीवर सोडतात, ती.

डॅनीला आणि सूनबाईला त्यांच्या पट्ट्या विहारातून मिळाल्या होत्या. मग ही कुणासाठी, हे त्यानं तिथल्या भिक्षुणीला विचारलं. ती म्हणाली, जवळचं माणूस लांब असेल, वेळेवर पोचलं नसेल, तर त्याची पट्टी घडी करून ठेवतात. येईल तेव्हा बांधेल. डॅनीनं माझ्याकडे पाहिलं. "ऑन्टी, ही मामाची आहे का?"

मी म्हटलं, दे माझ्याकडे, मी बघते.

म्हणून परवा मी ती हातात घेऊन माझ्या तुकड्यातल्या त्या तुतीसमोर उभी होते. सुतक जिवंत माणसालाच असतं, तुमच्याकडेही आणि आमच्याकडेही. पट्टी बांधावी तर तुझा भाऊ जिवंत आहे हे मी कबूल केलं. न बांधावी तर ज्या भीतीनं तू शेवटचे सहा महिने झोपली नाहीस ती मी खरी करून टाकली. आपलं भांडण अर्धं सोडून तू निघून गेलीस आणि निकाल माझ्या हातात ठेवलास. हे तुला शोभलं नाही. की शोभलंच?

आपली ओळखच वादातून झाली. तुझा भोपळा माझ्या हद्दीत आला होता. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते, माणसाच्या आत काय असतं ते रोज बघते, आणि आजवर आत्मा काही कुठल्या फोटोत आलेला नाही, असं मी तुला पहिल्याच महिन्यात ऐकवलं होतं. तू शांतपणे म्हणालीस, मशीन चांगल्या कंपनीचं नसेल. त्या दिवशी मला तू आवडलीस. मी नागपूरची, तू व्हिएतनामच्या किनाऱ्यापलीकडच्या एका लसणाच्या बेटावरची, आणि दोघी भांडायचो इंग्रजीत, जी दोघींचीही नव्हती. तरी मी तुला ताई म्हणायला लागले आणि तू मला 'एम' म्हणायला लागलीस. एम म्हणजे धाकटं भावंड, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

तुझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा भिंतीवरचा तो उंच देव्हारा पाहिला. देव नव्हेत, आईवडिलांचे फोटो. पुढे उदबत्त्या, संत्री, पाण्याचे छोटे पेले. जेवायला बसण्याआधी तू वर बघून त्यांना जेवायला बोलावलंस, पोळी गार होते आहे अशा सुरात. ते मला परकं वाटलंच नाही. फ्रिजवर डॅनीचा पदवीचा फोटो होता, सूनबाईचा होता, आणि एका मुलाचा होता, आठ-नऊ वर्षांचा, कुठल्याशा मोठ्या फोटोतून कातरीनं कापलेला, खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिलेला. मी विचारलं, हा कोण? तू म्हणालीस, हा तेओ. माझा भाऊ.

तेओ म्हणजे वाळका, किडका. पोर गोंडस आहे हे भुतांना कळू नये म्हणून ठेवलेलं नाव. मी म्हटलं, आमच्याकडे असतं तर दगडू ठेवलं असतं, किंवा धोंडू, केरू. तुला दगडू फार आवडलं. तू ते घोळवून घोळवून म्हणालीस. मग त्याच सुरात देश सोडून पळालात त्या बोटीचं सांगितलंस. आईवडील आधीच गेलेले, तू सोळाची, तो नऊचा, त्याला तू कडेवर वाढवलेला. समुद्रात बोटीत पाणी शिरलं आणि एक मोठं मालवाहू जहाज जवळ आलं. दोरीची शिडी सोडली. तू आधी चढलीस, कारण वरून त्याला ओढून घ्यायचं होतं. वर पोचून खाली पाहिलंस तर तो तिथे नव्हता. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं एक मासेमारीची बोटही आली होती आणि तिच्यावरचे लोक पोरं उचलून घेत होते. त्याला त्यांनी घेतलं की पाण्यानं, हे तुला कधीच कळलं नाही.

म्हणून तो देव्हाऱ्यावर नव्हता, फ्रिजवर होता. जिवंतांबरोबर.

इतकी वर्षं, ताई. मी तुला म्हणायची, त्याला वर ठेव, उदबत्ती लाव, मोकळी हो. तू म्हणायचीस, जिवंत माणसाला वर ठेवला तर तो मरतो. आणि जिवंत नसेल तर? मी विचारायची. त्याचं उत्तर मी दर वर्षी तुझ्याच दारात बघत होते. तुमच्या पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, ज्यांना घर नाही, थडगं नाही, जेवायला वाढणारं कुणी नाही अशा भुतांसाठी तू फुटपाथवर पातळ पेज ओतायचीस, तांदूळ-मीठ फेकायचीस. एका वर्षी मी तुझ्याबरोबर दारात उभी होते. संध्याकाळ होती, रस्ता रिकामा, समोरच्या बसस्टॉपवर कुणी नाही. तू माझा हात धरलास आणि कुजबुजलीस, "एम, तुझे डोळे चांगले आहेत. बघ ना, मागच्या बाजूला कुणी लहान आहे का?"

मी बघितलं. भुतं न मानणारी मी, पण बघितलं. कुणी नाही असं सांगितलं, आणि तरी पुन्हा एकदा बघितलं.

त्याच रात्री चहा पिताना मी तुला माझ्या काकांचं सांगितलं. घरात भांडून गेले ते गेलेच. बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि नदीकाठी त्याला अग्नी दिला. मी दहा वर्षांची होते. पुतळा जळताना नारळ फुटला आणि काकू पहिल्यांदा रडली. तू सगळं ऐकून एकच विचारलंस, आणि ते परत आले असते तर? मी म्हटलं, त्याचीही सोय आहे. पुतळा जाळल्यावर माणूस परत आला तर त्याला तुपात न्हाऊ घालायचं, नवं जन्मलेलं बाळ समजायचं. पुन्हा बारसं, पुन्हा जावळ, पुन्हा मुंज, आणि पुन्हा लग्न, त्याच बायकोशी. तू इतकी हसलीस की डोळ्यांत पाणी आलं. मग कप खाली ठेवलास.

"तुमच्या लोकांनी दार उघडं ठेवलंय," तू म्हणालीस. "आमच्याकडे तसं नाही."

मला वाटलं, विषय संपला. गेल्या वर्षीच्या पानगळीत तू मला शेडमध्ये बोलावून सांगितलंस की तुझी तब्येत बरी नाही, तुझ्यामागे डॅनीला पेज ओतता येणार नाही, आणि आता तू तेओचं थडगं करणार. वाऱ्याचं थडगं, तुमच्या बेटावर समुद्रात हरवलेल्या कोळ्यांचं करतात ते. मातीचा माणूस घडवायचा, तुतीच्या काटक्यांची त्याला हाडं घालायची, त्याचा आत्मा समुद्रावरून बोलवायचा आणि मग पुरायचं. तिकडे हे काम मांत्रिक करतो. इकडे मांत्रिक नव्हता, तर तुझ्या चुलतभावानं एक म्हातारा फोनवर बसवला. फोन फुलदाणीला टेकवलेला, पडद्यावर म्हाताऱ्याचं अर्धं डोकं, आणि मी. कारण मला हाडं माहीत होती.

आपल्या अलॉटमेंटची चिकट माती, जिला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या, ती तुला सोन्यासारखी वाटली. तुती पार्कातल्या जुन्या झाडाची, छाटून टाकलेली. काटक्या तू बॉयलरच्या कपाटात कित्येक आठवडे खडखडीत वाळवल्या होत्यास, त्यात जीव राहू नये म्हणून. मी कामाला लागले. मांडीची, नडगीची, हाताची, सगळी जागच्या जागी. मग बरगड्या आल्या आणि आपलं भांडण जुंपलं. तू सात काटक्या ठेवल्यास. मी म्हटलं, बरगड्यांच्या बारा जोड्या असतात, मी रोज मोजते. तू म्हणालीस, पुरुषाला सात, बाईला नऊ. पुरुषाचे प्राण सात असतात आणि बाईचे नऊ. मी म्हटलं, अगं, कुठल्याही पुस्तकात बघ. फोनवरचा म्हातारा काहीतरी पुटपुटला, तू हसलीस. मग मला म्हणालीस, "एम, तुझा हिशेब दवाखान्यात येणाऱ्यांचा. हा आलाच नाही."

मी सात बसवल्या.

शेवटी तू डाव्या हाताची पुढची काटकी उचललीस, गुडघ्यावर टेकवून कचकन मोडलीस आणि लाल दोऱ्यानं बांधलीस. लहानपणी तेओ पेरूच्या झाडावरून पडला होता. हात जरा वाकडाच जुळला होता. तो आवाज रोज ऐकणाऱ्यांतली मी नाही. माझ्याकडे हाडं मोडून येतात, माझ्यासमोर मोडत नाहीत.

मग तो सुकेपर्यंत तुझ्या शेडमध्ये बाकड्यावर पडून होता, अंगावर चादर, पोराच्या उंचीचा. अंगावरून मांजर जाता कामा नये, नाहीतर तो उठतो, म्हणून तू खिडकीच्या फटीसुद्धा चिंध्यांनी बुजवल्या होत्यास. मला एकदा खुरपं आणायला आत जावं लागलं. चादर छातीपासून थोडी घसरली होती. मी ती वर ओढायला गेले आणि माझा हात त्याला लागला. माती कोमट होती. उन्हाची तिरीप येत होती काचेतून, दुसरं काही नाही. पण मी खुरपं न घेता बाहेर आले. घरी नवऱ्याला सांगितलं तर दिलीप म्हणाला, "अगं, कुणी कौन्सिलला रिपोर्ट केलं ना, अलॉटमेंटवर बॉडी आहे म्हणून, तर तू व्हिसाचं एक्स्प्लेन करणार की मातीचं?" दिलीपला सगळ्याचा शेवट व्हिसावर होतो. त्याला मी आमचं नागरिकत्व होऊन जमाना झाल्याची आठवण करून दिली.

आत्मा बोलवायला समुद्र हवा. बर्मिंगहॅमला समुद्र कुठला? मी तुला गाडीतून वेस्टनच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. भरपूर धुकं, आणि ओहोटी अशी की समुद्र नावालाही नव्हता. चिखल, चिखल आणि पुढे पांढरं काहीतरी. तू कडेपर्यंत गेलीस. त्याच्या उंचीच्या मुलाचा सदरा तू शिवला होतास. तो दोन्ही हातांनी वर धरून तू हाका मारल्यास. मी तुला कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. तेओ. तेओ. तुझ्या प्रत्येक हाकेनंतर धुक्यातून थोडा वेळ काहीच येत नव्हतं, आणि मग कुठूनतरी खूप लांबून चिखलात पाय रुतल्याचा, निघाल्याचा आवाज. कुत्रा फिरवणारं कुणी असेल. कुत्रा दिसला नाही, माणूसही दिसला नाही.

मग तो आला का, हे विचारायला तू दोन नाणी टाकलीस. एक चित, एक पट पडलं तर हो. दोन्ही सारखी तर नाही. तीनदा विचारायचं, त्यापुढे नाही. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा एक नाणं चित पडलं आणि दुसरं ओल्या चिखलात रुतून उभंच राहिलं. आपण दोघी वाकून बघत राहिलो. मी म्हटलं, जरा पटाकडे कललंय, हो धरू या. तू दोन्ही नाणी पुसून खिशात टाकलीस. परत येताना गाडीत तो सदरा तू मांडीवर नाही ठेवलास. मागच्या सीटवर ठेवलास आणि त्याला सीटबेल्ट लावलास. मी आरसा एकदाही पाहिला नाही.

आणि पुरलंस कुठे, तर माझ्या तुकड्यात. तुझ्या जागेतली भाजी तू खातेस, घरच्या माणसावर उगवलेलं खाऊ नये म्हणे. माझ्या वांग्यांना चालतं का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, तुझी वांगी तशीही कोण खातं. त्या संध्याकाळी फोटो फ्रिजवरून देव्हाऱ्यावर गेला. तुझ्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा थकवा पाहिला, बसायला जागा मिळालेल्या माणसाचा.

फेब्रुवारीत तू माझ्याच खोलीत आलीस, छातीचा फोटो काढायला. माझ्याकडे तुझं नाव यावं असं मला वाटत नव्हतं, पण आलं. तुला उभं केलं, हनुवटी टेकवली, श्वास रोखायला सांगितला. पडद्यावर जे होतं ते मला बोलायची परवानगी नव्हती आणि बोलायची हिंमतही नव्हती. तू गाऊनच्या नाड्या बांधत माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि सगळं समजून, मला त्यातून सोडवण्यासाठी विचारलंस, "किती आहेत? बरगड्या?"

मी म्हटलं, नऊ.

त्या एका खोट्याबद्दल तू माझ्या गालाला हात लावलास. तुझे किती उपकार आहेत माझ्यावर ते मी मोजत नाही, पण तो हात मला अजून लागतो. आईनंतर मला असं कुणी हात लावलेला नाही.

मे महिन्यात कोंब आला. मातीतून सरळ वर, हिरवा, लवलवता. डावं-उजवं ओळखणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. डोकं कुठे, पाय कुठे, मीच मांडले होते. तो डाव्या हाताच्या जागी आला होता. जिथे तू काटकी मोडलीस तिथे. मी तुला म्हटलं, तुती चिवट असते. बॉबनंही सांगितलं, उलटी खुपसली तरी जगते. तू खाली बसलीस आणि ते एवढंसं पान दोन बोटांत धरून राहिलीस.

"वाळलेलं लाकूड होतं ते," तू म्हणालीस. "तो जिवंत आहे. मी जिवंत माणूस पुरला, एम."

त्या संध्याकाळी फोटो परत फ्रिजवर आला. तेव्हापासून आपलं भांडण. तू म्हणायचीस उकरू या, मी म्हणायची मुळं तुटतील. तू म्हणायचीस तुमचं तूप कर, न्हाऊ घाल त्याला, परत जन्माला घाल. मी म्हणायची, मी बाईमाणूस, मंत्र येत नाहीत, आणि तुपानं झाड मरेल. तू म्हणायचीस, दार तूच दाखवलंस. उन्हाळाभर तू माझ्या तुकड्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायचीस, उन्हात शाल पांघरून, आणि त्या रोपाशी तुमच्या भाषेत बोलायचीस. मी पाणी घालायला आले की गप्प व्हायचीस, दोन माणसं बोलताना तिसरं आलं की होतात तशी. ते रोप वाढलं कमरेएवढं. ती नऊ वर्षांच्या मुलाची उंची नाही, पण खुर्चीत बसलेल्या तुझ्या खांद्याला ते लागायचं. वारा नसतानाही लागायचं. हे मी दिलीपला सांगितलेलं नाही.

शेवटच्या आठवड्यात तू बोलत नव्हतीस. मी तुझ्या उशाशी बसले होते तेव्हा मला म्हणायचं होतं की करते मी तूप, पण डॅनी होता, नर्स होती, आणि मला माझीच लाज वाटली. ते राहिलं.

तर परवा. हातात पट्टी, समोर तुती, धुकं. मी स्वतःला सांगितलं की मी हे मानत नाही. अजूनही मानत नाही, ताई, तू कितीही हस. पण येताना मी घरून वाटीत कणीदार तूप आणलं होतं, म्हणजे मनानं आधीच ठरवलं होतं, डोक्याला फक्त कळवलं नव्हतं. बोटावर घेऊन मी खोडाला लावलं, खालून वर, मालिश करतात तसं. झाडाला कान नसतो, म्हणून जिथे फांदी वळली होती तिथे तोंड नेलं. बारशाला नाव आत्यानं ठेवायचं असतं. आत्या कुठून आणू? मी ठेवलं. म्हटलं, तेओ. दगडू. मग पट्टी बांधली, टोकं मागे सोडली आणि सांगितलं, ताई गेली रे. तू राहा.

काही झालं नाही. पान हललं नाही. मी वाटी घेऊन घरी आले.

त्या रात्री पहिल्यांदा दव गोठलं. काल सकाळी गेले तर तुझा घेवडा काळा पडला होता, तो पडायचाच होता. शेवंती होती, गवती चहा होता. आणि तुतीवर एकही पान नव्हतं. आदल्या दिवशी सगळी हिरवी होती. आता ती सगळी खाली पडली होती, हिरवीच, खोडाभोवती गोल, वाऱ्यानं एकही लांब गेलेलं नव्हतं. वर नुसतं उघडं खोड आणि त्याला पांढरी पट्टी. बॉब कुंपणापाशी आला. म्हणाला, मलबेरीचं असंच असतं, पहिल्या फ्रॉस्टला एका रात्रीत सगळं टाकते. तू असतीस तर मीही तुला हेच सांगितलं असतं, ठासून.

पण तू नव्हतीस. आमच्याकडे आईच्या जागचं माणूस गेलं की मुलगा डोकं भादरतो. आणि नव्यानं जन्मलेल्या बाळाचं जावळ काढतात. त्यानं यातलं कुठलं केलं, मला सांगता येणार नाही. दोन्ही जिवंत माणसंच करतात.

घरी येऊन मी डॅनीला फोन केला. तो देव्हाऱ्यापाशीच उभा होता, तुझा फोटो आजीआजोबांच्या शेजारी लावत होता. मामाचाही आता तुझ्याजवळच लावू का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नको रे. तो फ्रिजवरच राहू दे.